तुला माझा तंबू बघायचा होता

आक्का, दाजींचा फोन आला तेव्हा मी चहाच्या टपरीमागं जो मोठा दगड आहे त्यावर उभा होतो. आमच्या कामाच्या जागी रेंज फक्त त्या दगडावर येते. दाजी म्हणाले, "बारक्या, तुजी आक्का गेली." मी म्हटलं, "कुठं?" मला खरंच वाटलं, तू न सांगता कुठंतरी गेलीस आणि ते मला विचारतायत. त्यांच्या मागं बाया रडत होत्या, ते ऐकून मला कळलं. मग ते घाईघाईनं म्हणाले, "बाया इचारत्यात, माहेराचं लुगडं कोन घालनार? काय सांगू त्यांना? लवकर बोल," आणि फोन कटला.

कटला तो कटलाच. त्याच सकाळी वरचा डोंगर रस्त्यावर आला आणि टॉवरची केबल घेऊन खाली गेला. मी दगडावर चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. फोनमध्ये एक रेघ उमटत नव्हती.

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. बापानं आणायचं, बाप नसला तर भावानं. नवऱ्याचं त्यात चालत नाही. हे मला तूच सांगितलंस. आई गेली तेव्हा मामा हिरवं लुगडं घेऊन येईपर्यंत तिला उचललं नव्हतं, उन्हं कलली तरी सगळे थांबले होते. मी लहान होतो, मला आठवत नाही. तुला आठवत होतं. आणि तुला माहेर म्हणजे मी एकटा. आई-अण्णा गेले, आणे गावातलं आपलं घर पडलं, भावकीशी येणं-जाणं कधीच तुटलं. मी इथं अरुणाचलच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर पोकलेन मशीन चालवतो. इथून घरी यायचं तर आधी जीप, मग बस, मग रेल्वे, आणि तेही रस्ता मोकळा असला तर. मी दगडावर उभा राहून बंद फोनला ओरडून सांगत होतो, "दाजी, हिरवं घ्या! माझ्या नावानं घ्या! कुणाच्या तरी हातानं घाला!" कुणाच्या हातानं, ते मात्र मला सुचत नव्हतं. सुचलं असतं तरी ते ऐकायला पलीकडं कुणी नव्हतं.

तू माहेरचं लुगडं नेसून गेलीस की तशीच गेलीस, हे कळायला मला फार दिवस लागले. त्या दिवसांत डोक्यात हाच एक प्रश्न. तो बाजूला सारायला मी एकच गोष्ट आठवत बसायचो, मढच्या घळीतला आपला मुक्काम.

ते खूळ तुझंच होतं. मागच्या थंडीत मी सुट्टीवर आलो होतो. घोडेगावच्या तुझ्या घरी ओट्यावर तू वाटाणे सोलत होतीस आणि मी खात होतो. बोलता बोलता मी म्हटलं, तिकडं तंबूत राहतो. तुझा हात थांबला.

"तंबूत म्हंजी कसं रं?"

"तंबूत म्हंजी तंबूत."

"तसं न्हाई. वारा सुटला की? उशाला काय घेतोस? खाली काय आंथरतोस? जनावर शिरलं म्हंजी?"

मी काय सांगणार? हे सांगता येत नाही. मग श्रावणीनं तुला मोबाइलवर दाखवलं, "आई, हे बघ, मामा असा राहत असेल." मढच्या पुढं डोंगराच्या घळीत कुणीतरी तंबू लावून जागा केली होती. पुण्याची माणसं शनिवारी पोराबाळांना घेऊन येतात, एक रात्र राहतात, रविवारी जातात. तू मोबाइल लांब धरून, जवळ धरून लई वेळ बघितलंस.

"मला ह्यात झोपायचंय," तू म्हणालीस.

दाजींना हसू आवरेना. "आगं, घर सोडून रानात झोपायला पैसं द्यायचं व्हय? रान आपल्या दारात हाय की. टाक गोधडी आन् झोप!"

"माजा भाऊ बारा महिनं झोपतोय. मला एक दिस बघू तर द्या."

त्यावर दाजींनी पिकअपची किल्ली खिशात चाचपली. झालं.

पुण्याची माणसं पाठीला एक पिशवी लावून येतात. आपण गाडी भरून निघालो. माणशी दोन गोधड्या, पाण्याला दुधाचा कॅन, बाजरीच्या पिठाचा डबा, लसणाची चटणी, विळी, दाजींची काठी, आणि तवा. श्रावणी म्हणाली, "आई, तिथं जेवण देतात." तू म्हणालीस, "देत्यात, पन तवा कसा आसंल काय म्हाईत." जुन्नर मागं टाकून खिंड उतरलो तशी गार हवा लागायला लागली आणि तू पदरानं कान बांधलेस. मढ गेलं, डांबरी रस्ता संपला, आणि मग ती घळ. दोन्ही अंगांना काळा कडा, मधून ओढा, ओढ्याच्या काठानं भाताची खाचरं. भात काढून झालं होतं आणि त्या मोकळ्या खाचरांत रांगेनं पिवळे-केशरी तंबू उभे होते. खाचरात पाय टाकायच्या आधी तू वाकून मातीला हात लावलास आणि कपाळाला लावलास. "पिकाच्या जाग्यावर झोपायचं म्हंजी इचारलं पायजे," म्हणालीस.

गळ्यात शिट्टी अडकवलेला मॅनेजर आला. त्यानं गाडीतला कॅन बघितला, पिठाचा डबा बघितला, तुला बघितलं, आणि म्हणाला, "मावशी, उशीर केलात. किचनचा माल मागच्या बाजूनं घ्या."

दाजी गाडी लावत होते. मी फोनमध्ये बुकिंग शोधत होतो. आणि तू "बरं बाबा" म्हणून डबा कमरेवर घेतलास आणि मागच्या बाजूला निघून गेलीस.

आम्ही तुला शोधतोय. श्रावणी म्हणते, ओढ्यावर गेली असेल. मला लगेच धास्ती भरते, तुला माहीत आहे. मी पळत डोहापर्यंत जाऊन आलो, पाण्यात वाकून बघून आलो. आणि तू तंबूंच्या मागं, पत्र्याच्या शेडात, फतकल मारून भाकऱ्या थापत होतीस. तीन चुली पेटलेल्या. शेजारी एक काटक बाई पिठलं हाटत होती, आणि तुमच्या दोघींच्या गप्पा अशा रंगल्या होत्या, जणू लहानपणापासून एकाच विहिरीवर पाणी भरत आलात.

"आगं, काय चालवलंयस?" दाजी म्हणाले. "आपुन पैसं भरून आलोय!"

"मग? पैसं भरल्यावर भाकर थापायची न्हाई का?"

"तू पावणी हायेस हितं!"

"पावणी काय नुसती बसून ऱ्हाती? हिची जोडीदारीन आली न्हाई आज. एकल्या बाईनं एवढ्या मानसांचं कसं करायचं?"

त्या बाईनं पळी तशीच हातात धरून वर बघितलं. "ऱ्हाऊ द्या दाजी. तुमची बायकू हितनं उठत न्हाई. मी दोन डाव हाकलली." एवढ्या वेळात तू तिला सगळं घर सांगून मोकळी झाली होतीस, आणि तिनं दाजींना दाजी करूनही टाकलं होतं. ती ठकूबाई. मढच्याच अंगाला डोंगरातल्या वाडीत राहणारी.

मॅनेजर हात जोडत आला. "सॉरी मॅडम, माझी चूक झाली. मला वाटलं..."

"लेकरा, तुला बराबर वाटलं. पीठ घिऊन आलेली बाई चुलीकडंच जानार. आता सर, धूर खातोयस."

मला राग आला होता, आक्का. मॅनेजरचा नाही, तुझाही नाही, कुणाचा ते मला आजही सांगता येत नाही. मला वाटत होतं, जन्मात एकदा तू ताटावर बसावंस आणि दुसऱ्या कुणीतरी तुला गरम गरम वाढावं. मी तोंड पाडून उभा होतो. तू बघितलंस आणि म्हणालीस, "उभा काय ऱ्हातोस खांबावानी? ये, काटवट धर." मी ती पीठ मळायची लाकडी परात धरली. ती डगडगत होती, आणि तू सुट्टीवर आलेल्या माझ्या हाताला पीठ चिकटवलंस.

पुण्याच्या बाया भाकरीचे फोटो काढायला आल्या. एकीनं फार प्रेमानं विचारलं, "मावशी, तुम्ही रोज असता का इथं?" तू म्हणालीस, "न्हाई ओ, आजच्या दिस आलेय. भावाचं घर बघाय." त्या बाईनं शेडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बरं म्हणाली.

दिवस मावळायच्या आत सगळे जेवले. कुणीतरी बिबट्याचा विषय काढला, तसा मॅनेजर म्हणाला, काळजी करू नका, राखणीला माणसं आहेत. दाजी म्हणाले, "आमच्या गोठ्याला त्याची रोजची फेरी आसती. हितं आला तर वळखीचाच निघंल. रामराम घालू." अख्खी पंगत हसली. तू ठकूबाईच्या अंगावर रेलून हसत होतीस. तुला तसं हसताना मी किती दिवसांनी बघितलं होतं.

तंबू दाखवला तेव्हा मी तंबू बघितलाच नाही. मी वर कडा बघितला. एका जागी कपार फुगलेली होती आणि तिच्याखाली दगडाचा ताजा चुरा पडला होता. मी मॅनेजरला म्हटलं, हा नको, ओढ्याकडचा द्या. तो म्हणाला, "सर, व्ह्यू इथूनच आहे." मी म्हटलं, व्ह्यू राहू द्या, शेजारचे दोन तंबूही तिथून काढा. त्यानं काढले बिचाऱ्यानं. तू बाजूला उभी राहून हे सगळं बघत होतीस. आत गेलीस, गादी दाबून बघितलीस, दिवा लावला-विझवला, तंबूची चेन वर-खाली केलीस. "आर्धी उघडी ऱ्हाऊ दे, जीव घाबरा व्हतो," म्हणालीस, आणि कपाळाला फडका आवळून बांधलास.

सकाळी उठलो तर तू बाहेर बांधावर बसलेली. अंगावर गोधडी, पाय दवात. उन्हं कड्याच्या वरच्या टोकाला नुकती लागली होती. मी शेजारी बसलो.

"तुजा तंबू आसाच आसतो?"

"आसाच."

तू हसलीस. "ह्या गादीवर झोपनाऱ्याच्या पाठीला घट्टं पडत न्हाईत." मग गोधडीचं अर्धं टोक माझ्या पायावर टाकलंस. "तंबूचं ऱ्हाऊ दे. तू कालपासनं सारका वर बघतोयस. जेवताना वर, हात धुताना वर. आतासुदिक वर. तिकडं बी आसाच बघतोस?"

"सवय हाय. डोंगराखालचं काम हाय आमचं."

"मग झोपतोस कवा?"

आक्का, तू भाऊ कसा राहतो ते बघायला आली होतीस, आणि ते तू बघितलंस. तंबूत नाही, माझ्या मानेत बघितलंस. इथं इतकी वर्षं माझ्याबरोबर माणसं काम करतात, कुणी मला हे विचारलेलं नाही.

मी पुन्हा वर बघितलं तशी तू पेटलीस. "बास झालं आता. हिकडं ये. हिकडं काय मशीनी न्हाईत का?"

"घरोघर मशीनी झाल्यात आक्का, म्हनून तर तिकडं जातो. हितं मला कोन बोलावतंय?"

"मी बोलावते."

"तू काय काम देनार का?"

"भाकर दीन."

"भाकर तर आजपतोर देतच आलीयस. आता मला..."

तेवढ्यात श्रावणी पांघरुणासकट बाहेर आली, "आई, चहा कुठंय," म्हणत, आणि आपलं बोलणं तिथंच राहिलं. पुढं फोनवर आपण तोच वाद किती वेळा घातला. "कवा येतोस?" "बघू." "बघू काय, कड्याकडं बघतोस तेवढं बास हाय." आणि दर वेळी रेंज जायची. बांधावरचं ते वाक्य मी पुरं केलं नाही. आता मला देऊ दे, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द राहिले होते.

तुझ्या लग्नात मी तुझा पाठराखा म्हणून आलो होतो. नवरी नव्या घरात बुजू नये म्हणून माहेरचं एक माणूस तिच्याबरोबर जातं, पाच दिवस राहतं आणि परत येतं. मला न्यायला अण्णा येणार होते. ते अंथरुणाला लागले, उठलेच नाहीत, आणि मी राहिलो तो मिशा फुटेपर्यंत तुझ्याच घरी राहिलो. तुझ्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "लोकांचा पाठराखा घरी जातो, आमचा पाठीलाच चिकाटला." तू भाकरी उलटता उलटता म्हणायचीस, "चिकाटू द्या की आत्या, पाठ माजी हाय." त्या माउलीनंही शेवटी मलाच औषध आणायला पाठवलं, ती गोष्ट वेगळी. सातवीनंतर मी शाळेत जाईना, तेव्हा दप्तर डोक्यावर घेऊन तू मला गावभर शोधलंस. सापडलो तेव्हा मारलं नाहीस. माझ्याकडं बघितलंस, दप्तराकडं बघितलंस, आणि म्हणालीस, "बरं. मग कायतरी एक नीट शिक." दाजींनी ओळखीनं मला मशीनवर बसवलं. पहिल्या दिवशी तू शेतावर आलीस, बकेटच्या एकेका दाताला हळदकुंकू लावलंस आणि त्या यंत्राला म्हणालीस, "बाई, माज्या भावाला संबाळ." ऑपरेटर लोक हसले. मी आजही मशीन चालू करायच्या आधी बकेटला हात लावतो. इथं कुणाला कारण सांगत नाही.

तुला भीती कायम माझी. मी डोंगराखाली. मी दरीच्या कडेला. मी परमुलखात. अमावास्येला तू फोन करायचीस आणि म्हणायचीस, "कानाला लावून ठेव, हलू नको." मग तिकडं मीठ-मोहऱ्या मोबाइलवरून ओवाळून चुलीत टाकायचीस, आणि मोहऱ्यांची तडतड मला इथं, दगडावर, ऐकू यायची. "किती वाजल्या बघ," म्हणायचीस, "लई नजर लागलेली." मी हसायचो. पण खरं सांगतो, त्या दिवशी झोप लागायची.

तुझी दृष्ट कुणी काढली, आक्का? तुझी धास्ती कुणी धरली? तू तर घरात होतीस, खाली सपाट जमीन, वर पक्कं छप्पर. तुला काय होणार! मी घळीत अख्खा कडा बघितला, कपार न् कपार बघितली. तू कपाळाला फडका आवळून बांधलास तो मला दिसला होता. मला वाटलं, थंडी आहे. दाजींना वाटलं, धुरानं डोकं दुखतंय. तुलाही तसंच काहीतरी वाटलं असेल. डोक्यातली शीर फुटायला आलीय, हे कुणाला बाहेरून दिसतं? दरड यायच्या आधी बारीक खडे घरंगळतात, माती सुटते, मला ते ऐकू येतं. माणसाचं मला काहीच ऐकू येत नाही.

फोन कटला त्यानंतर मी सरळ मशीनवर जाऊन बसलो. सुपरवायझर म्हणाला, "भाई, आज रहने दे." मी उतरलो नाही. दुसरं करणार काय? दरडीच्या पलीकडं रस्ता होता, रस्त्याच्या पलीकडं तू होतीस. मी बकेट भरायचो, दरीत ओतायचो, आणि जेवढं उपसावं तेवढं वरून परत यायचं. संध्याकाळी दरड सकाळी होती तेवढीच असायची. मला माहीत होतं की तुला आता थांबवून ठेवलेलं नाही, सगळं होऊन गेलंय, मी पोचून काही बदलणार नाही. तरी सकाळी उठून पुन्हा तेच. जेवायला बसलो की पहिला घास बाजूला काढून ठेवायचो आणि मनात म्हणायचो, कुणीतरी घातलं असेल, एवढी माणसं आहेत गावात. आणि मग वाटायचं, एवढ्या माणसांत माहेरचं कोण आहे?

परवा केबल जोडली. दगडावर मी एकटाच नव्हतो, सगळेच चढले होते. फोन श्रावणीनं उचलला. आम्ही दोघं आधी नुसते रडलो. मग मला तिला विचारायची हिंमत होईना. लेकराला काय विचारायचं, तुझ्या आईला कुणी काय नेसवलं ते? पण तिनंच सांगितलं. त्या सकाळी तुझा मोबाइल तिच्या हातात होता, कुणाला कळवायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून तू शेवटचा ज्या नंबरावर बोलली होतीस तो तिनं लावला. तो ठकूबाईचा होता. तुम्ही दोघी इतक्या बोलायचा हे मला माहीतच नव्हतं. श्रावणी म्हणाली, रोज बोलायच्या मामा, काही नसलं तरी बोलायच्या.

पुढचं दाजींनी सांगितलं. माझ्या उत्तराची वाट बघत त्यांनी तुला दुपारपर्यंत ठेवलं. फोन लावून लावून त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली. म्हातारी माणसं म्हणायला लागली, किती वेळ ठेवायचं, माहेराचं कुणी येत नाही, चला. आणि तेवढ्यात ठकूबाई आली. मढहून मिळेल त्या गाडीनं ओतूरला, तिथं कापडाचं दुकान उघडायला लावून, मग जुन्नर, मग घोडेगाव. हातात पिशवी. दारातल्या बायांनी तिला अडवलं.

"कुनाकडच्या तुमी?"

"माहेराकडची."

"आण्याच्या का?"

"न्हाई, मढची."

"मढला कुठलं आलं माहेर तिचं?"

दाजी म्हणाले, ठकूबाई आवाज चढवून बोललीच नाही. "तिनं माज्या चुलीवर भाकऱ्या थापल्यात," म्हणाली. "मी हाकलली तरी उठली न्हाई. माहेरात आजून काय आसतं?"

दाजी म्हणाले, "घालू द्या तिला." आणि तिनं घातलं.

आक्का, हे ऐकून मी खाली बसलो. मागं रांगेत उभे होते ते म्हणत होते, झालं का, उतर, आम्हाला बोलायचंय. मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्याच वेळी तोंड लपवावंसंही वाटलं. तू तशी गेली नाहीस. पण हात माझा नव्हता. पाठराखा तुझ्याबरोबर आला होता, आणि पोचवायला दुसरंच कुणी आलं. आता रस्ताही मोकळा होईल, सुट्टीही मिळेल, मी येईनही. दहावं होऊन गेलं, तेरावंही होऊन जाईल. दारात उभा राहिलो तर हाक कुणाला मारायची, मला समजत नाही. श्रावणी म्हणते, "मामा, तू ये ना." मी येतो म्हणतो. येऊन त्या पोरीला काय देणार आहे मी, तेही कळत नाही.

काल मी ठकूबाईला फोन केला. काय बोलायचं ते मनाशी घोकून गेलो होतो. उपकार झाले म्हणायचं, आणि ते शब्द कमी पडतात असंही म्हणायचं.

"कोन?"

"मी बारक्या. आक्काचा भाऊ."

"आरं, तू व्हय! धड हायेस ना बाबा? लई घोर करायची रं ती तुजा."

"ताई, तुमी त्या दिशी..."

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. एवढी धीराची बाई, पण आवाज बारीक झाला. "तुला एक इचारायचं व्हतं. तवापासनं मनात घर करून बसलंय. दुकानात हिरवं न्हवतं रं. सकाळची येळ, त्यानं समदं धुंडाळलं, न्हाई म्हनला. दुसऱ्या दुकानाला थांबले आसते तर हिकडं उशीर झाला आसता. मग मी निळं घेतलं. फिकं न्हाई, चांगलं गडद, जरीकाठी. बाया कुजबुजल्या, हिरवं पायजे व्हतं म्हनून. खरं सांग, तिला निळं चालायचं का? तू भाऊ हायेस, तुला म्हाईत आसंल."

मी आठवायला लागलो. दर भाऊबीजेला मी इथून पैसे पाठवायचो, तू साडी घ्यायचीस आणि फोनवर सांगायचीस, "घेतली बरं का, लई झ्याक हाय." कोणत्या रंगाची, ते बोलणं आपलं कधी झालं नाही. घळीत त्या दिवशी तुझ्या अंगावर काय होतं? चूल आठवली, पिठाचे हात आठवले, कान बांधलेला पदर आठवला. त्या पदराचा रंग आठवेना. डोळे मिटले, तरी आठवेना. ती पलीकडं वाट बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"लई आवडायचा," मी म्हटलं. "निळ्यावर तर तिचा जीवच व्हता."

"बरं झालं बाबा," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "आता जेवान जाईल मला."

आक्का, मी तिला सांगून टाकलं. आता तू मला सांग. आवडायचा का गं?